पडद्यापलीकडचा तबला : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च २०२० मध्ये गावोगावचे तबल्याचे वर्ग बंद पडले आणि थोड्याच दिवसांत मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा भरू लागले. तेव्हा तात्पुरती सोय म्हणून पत्करलेली ही पद्धत टाळेबंदी उठल्यावरही टिकली. परदेशातल्या मराठी घरांना ती नवी नव्हतीच. पुण्या-मुंबईतले तबलाशिक्षक न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या शिष्यांना त्याआधी कितीतरी वर्षे स्काइपवरून शिकवत होते. तरीही या शिकवणीबद्दलची मते बरीचशी पहिल्या महिन्यातल्या गोंधळातच अडकून राहिली आहेत. एक पक्ष म्हणतो, हे शिकवणेच नव्हे. दुसरा म्हणतो, आता गुरूच्या दारात जायची गरज उरली नाही. दोघांच्याही मागे खरा अनुभव आहे, पण त्या अनुभवाला लावलेले कारण बहुतेक वेळा चुकीचे असते. त्याची तपासणी करायला तबल्याइतके सोयीचे वाद्य नाही, कारण तबल्याचा सगळा व्यवहार वेळेशी आणि ऑनलाइन माध्यमाचा मुख्य दोषही वेळेचाच.

“तबला ही गुरुमुखी विद्या आहे; समोर बसल्याशिवाय ती मिळत नाही.”

वाक्याचा पहिला अर्धा भाग बिनतोड आहे, आणि म्हणूनच दुसराही खरा वाटतो. पण गुरुमुखातून नेमके काय मिळते, हे एकदा सुटे करून पाहायला हवे. तबल्याची बंदिश आधी तोंडाने म्हटली जाते आणि मग हातावर येते. कायदा, रेला, तुकडा, चक्रदार, सगळ्यांची पढंत होते. बोलांचे वजन, कुठला बोल मोकळा सोडायचा, कुठला दाबायचा, तिहाईत दम किती धरायचा, हे गुरूच्या उच्चारातूनच कळते. हा सगळा भाग आवाजाचा आहे आणि आवाज पडद्यापलीकडे जातो. न जाणारी गोष्ट एकच : शिष्याचे मनगट धरून त्याचा कोन बदलणे. सुरुवातीच्या काही महिन्यांत ही उणीव जाणवते. ज्याला जमेल त्याने पहिले काही धडे प्रत्यक्ष घ्यावेत, हा सल्ला म्हणूनच रास्त आहे.

या आक्षेपात तुलनेचा एक घोटाळाही असतो. ऑनलाइन तासाची तुलना गुरुगृही राहून केलेल्या अहोरात्र तालमीशी केली जाते. तशी तालीम किती जणांच्या वाट्याला येते? पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हापासून अभ्यासक्रम, स्वरलिपी आणि घड्याळी तास यांची पद्धत रुळत गेली. आज गल्लीतल्या वर्गात आठ-दहा मुले एका सतरंजीवर बसतात, आठवड्यातून दोन तास येतात आणि शिक्षकाची नजर एकेकावर जेमतेम पाच-सात मिनिटे ठरते. तुलना करायचीच, तर या वर्गाशी करावी. तिथे पडद्यावरचा एकास एक तास कमी पडतोच असे नाही.

“फायबरचे चांगले कनेक्शन घेतले की गुरू-शिष्य एकत्र वाजवू शकतात.”

या समजापायी बरेच पैसे खर्च झाले आहेत आणि अनेक शिष्यांनी ‘तुझी लय हलते’ हे बोल विनाकारण ऐकले आहेत. समज पटण्याजोगा आहे. कनेक्शन वेगवान केले की चित्र स्वच्छ होते, अडकणे थांबते, आणि वाटते की उरलेसुरले अंतरही अशाच आणखी एका खर्चाने मिटेल. पण जाहिरातीतला ‘वेग’ म्हणजे एका सेकंदात किती माहिती जाते त्याचे माप. ती पोहोचायला किती वेळ लागतो, ही वेगळी गोष्ट. खडकवासल्याहून येणारी जलवाहिनी रुंद केली तर पाणी जास्त येईल, धरण जवळ येणार नाही.

हिशेब अवघड नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे आदर्श स्थितीतसुद्धा एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो, आणि तो कुठल्याही कंपनीच्या योजनेने कमी होत नाही. प्रत्यक्षात समुद्रतळाची केबल सरळ रेषेत टाकलेली नसते. शिवाय आवाज पकडणे, त्याचे पुडके बांधणे, वाटेत मागेपुढे झालेली पुडकी थोडी थोपवून ओळीने लावणे, यात अॅप स्वतःचा वेळ घेते. सगळे मिळून एका दिशेला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज होतात.

आता हा आकडा लयीत बसवून पाहू. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. गुरूने ठेका धरला, शिष्य त्यावर वाजवू लागला. गुरूचा आवाज शिष्याकडे २०० मिलिसेकंदांनी पोहोचला, शिष्याचा आवाज परत यायला तेवढाच वेळ लागला. गुरूच्या कानावर शिष्य ४०० मिलिसेकंद मागे, म्हणजे पाऊण मात्रेहून जास्त उशिरा पडतो. लय दुप्पट केली तर हेच अंतर दीड मात्रेच्या पुढे जाते. शिष्य अचूक वाजवत असतो, गुरूही अचूक ऐकत असतो, आणि सम मात्र दोघांची वेगळी पडते. अशा वेळी शिष्य गुरूला गाठण्यासाठी थांबतो, गुरू शिष्यासाठी थांबतो, आणि लय दोघांच्या नकळत खाली बसत जाते.

ही घसरण मोजलेली आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीजोडीने लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा एक लयबंध वाजवायला दिला आणि मधला विलंब बदलत नेला. विलंब वाढला तशी लय मंदावत गेली. अगदी अत्यल्प विलंबात ती उलट किंचित वाढली. वादकांच्या व्यवहारात साधारण २५-३० मिलिसेकंद ही एकत्र वाजवण्याची मर्यादा मानतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाजही २९ मिलिसेकंद उशिराच पोहोचतो. रंगमंचावरचे साथीदार त्याहून जवळ बसतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना जाणवत नाही.

चेफ यांच्याच मंडळींनी जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर घडवले. काही शे किलोमीटरच्या आत, दोन्हीकडे वायफायऐवजी केबल आणि चांगले ध्वनियंत्र असेल, तर त्यावरून एकत्र वाजवता येते. पुणे-नाशिक शक्य आहे. पुणे-न्यू जर्सी नाही, आणि साध्या व्हिडिओ कॉलवर तर सदाशिव पेठ ते कोथरूडही नाही.

मग शिकवायचे कसे? या ठिकाणी अनुभवी शिक्षकांनी एक साधी युक्ती रुळवली आहे आणि ती प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी सुरावट, शिष्याच्या खोलीत लावायचा. दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर, मोठ्याने. म्हणजे लेहरा आणि तबला एकाच माइकमध्ये शिरतात, एकाच वाटेने, एकाच विलंबाने गुरूपर्यंत पोहोचतात. दोन्ही उशिरा पोहोचतात, पण एकमेकांच्या जागा सोडत नाहीत, त्यामुळे शिष्य समेवर येतो की नाही हे गुरूला बिनचूक कळते. गुरूने त्यावर स्वतः टाळी धरायची नाही, निदान आवाज बंद ठेवून धरायची. उलट दिशेला, गुरू वाजवतो तेव्हा शिष्याने आपला माइक बंद करून त्याच्याबरोबर खुशाल वाजवावे. शिष्याच्या कानात सगळे जुळलेलेच असते. आणि लय नजरेने कधीही तपासू नये, कारण चित्र आणि आवाज बरोबरच येतात याची हमी नाही.

“आवाज तुटतो, बोल गिळले जातात, म्हणजे नेट खराब आहे.”

कधी असतेही. पण तबल्याच्या तासात आवाज बिघडण्याचे नेहमीचे कारण वेगळे आहे. व्हिडिओ कॉलची अॅप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. माणसाचा शब्द पुढे जावा आणि पंखा, कुकर, रिक्षा, कीबोर्डची टकटक मागे पडावी, हे त्यांचे काम. संगीताचे दुर्दैव असे की तानपुरा किंवा लेहऱ्याचा अखंड सूर या यंत्रणेला पंख्यासारखा वाटतो आणि तबल्याचा आघात टकटकीसारखा. सूर काही सेकंद टिकला की ती तो हळूहळू पुसू लागते. ‘ना’ची टोकदार सुरुवात कापली जाते, मागची आस तर राहतच नाही. त्यावर आणखी एक उपद्व्याप : आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय. मोठा आघात आला की ती पातळी खाली ओढते, हलका आला की वर. जोर आणि नाजूकपणा यांतला फरक, ज्यासाठी महिनोन्‌महिने रियाज केला, तो एका फटक्यात सपाट. दोन्हीकडून एकाच वेळी आवाज झाला की प्रतिध्वनी टाळण्यासाठी एका बाजूचा आवाज दाबला जातो, ते वेगळेच.

ही सर्व यंत्रणा बंद करता येते. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय आहे आणि तिच्यातच संगीतासाठी अधिक दर्जाचा आवाज निवडता येतो. इतर काही अॅप्समध्येही आवाज गाळणे बंद करण्याचा पर्याय असतो. फक्त एक गोष्ट हमखास चुकते. ज्याला खराब ऐकू येते तो स्वतःच्या फोनची सेटिंग चाळत बसतो. बदल करायचा असतो तो पाठवणाऱ्याच्या बाजूला. गुरूला शिष्याचा तबला तुटका ऐकू येत असेल तर दुरुस्ती शिष्याच्या फोनवर होणार. प्रतिध्वनीची गाळणी काढली की कानात हेडफोन घालणे आले, नाहीतर गुरूचा आवाज शिष्याच्या स्पीकरमधून निघून पुन्हा गुरूकडे जाईल. शिष्याने एक कान उघडा ठेवला की खोलीतला लेहराही ऐकू येतो.

“मग हजारोंचा मायक्रोफोन घ्यावाच लागेल.”

नाही. ओरिजिनल साउंड चालू असेल तर आजच्या बऱ्या फोनचा माइक शिकण्यापुरता चालतो. पहिला खर्च करायचा तो तारेच्या हेडफोनवर. कारण डग्ग्याचा मूळ नाद साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो आणि फोनचा चिमुकला स्पीकर तेवढा खोल आवाज काढूच शकत नाही. ‘घे’चा घुमारा आणि मनगटाने डग्ग्यावर घेतलेली मींड शिष्याच्या कानापर्यंत गेलेलीच नसते. त्याला ऐकू येते फक्त चामड्यावरची थाप. मग त्याच्या हातातून तरी घुमारा कसा निघावा? ब्लूटूथचे इअरफोन मात्र या कामाला नकोत. ते स्वतःचा विलंब जोडतात आणि त्यांचाच माइक वापरला तर आवाज टेलिफोनच्या दर्जावर येतो. दुसरा खर्च फोनच्या स्टँडवर. पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला फोन पहिल्या जोरदार ‘धा’ला आडवा होतो.

“हाताचा दोष कॅमेऱ्यात दिसत नाही.”

कॅमेरा चेहऱ्यासमोर ठेवला तर दिसत नाही, हे खरे. बहुतेक घरांत तो तसाच ठेवलेला असतो, कारण व्हिडिओ कॉल म्हणजे चेहरा अशी सवय आहे. पडद्यावर मुलाचे हसरे तोंड, आई-वडील समाधानी, आणि तबला चौकटीच्या खाली कुठेतरी. फोन उजव्या खांद्याच्या बाजूने, थोडा वरून, दोन्ही पुड्या दिसतील असा लावला की तर्जनी चाटेवर कुठे पडते, अनामिका शाईच्या कडेला टेकून राहते की उठते, डग्ग्यावरचे मनगट किती मागे आहे, हे सगळे स्पष्ट होते. वर्गात समोर बसलेल्या शिक्षकाला हा कोन मिळत नाही. त्याला उजव्या हाताची बोटे समोरून, निम्मी झाकलेली दिसतात. याच कोनातून गुरूने आपले हात दाखवले तर शिष्याला ते स्वतःच्या हातांसारखेच, डाव्या-उजव्याचा उलटापालट न होता दिसतात.

मर्यादा आहे ती द्रुत लयीत. व्हिडिओ कॉलमध्ये सेकंदाला फार तर तीस चित्रे येतात. ‘तिरकिट’ सेकंदाला बारा आघातांच्या गतीने चालले असेल तर एका आघाताच्या वाट्याला अडीच चित्रे, तीही पुसट. त्यामुळे निकास, म्हणजे बोल काढण्याची पद्धत, तपासायचा तर विलंबित लयीत, आणि द्रुत तपासायचा तर शिष्याने फोनच्या स्लो मोशनमध्ये मुद्रण करून पाठवायचे. बहुतेक फोनमध्ये सेकंदाला १२० चित्रांची सोय असते. त्यात कुठले बोट आळस करते ते डोळ्यांना दिसते. समोरासमोरच्या वर्गात द्रुतमधले बोट कोणालाच दिसत नसे. ते कानाने ओळखावे लागे, आणि शिष्याला पटवून देणे तर महाकठीण.

“नेटवरून सूर बदलतो, म्हणून तबला लावायला शिकवता येत नाही.”

नेटवरून नादाचा पोत बदलतो, आस तुटते, पण सुराची उंची बदलत नाही. काळी एकचा तबला न्यू जर्सीतही काळी एकचाच ऐकू येतो. मुळात तबल्याला निश्चित सूर आहे तोच शाईमुळे. शाईच्या भारामुळे पुडीचे उपनाद मूळ नादाच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. म्हणून फोनवरचे साधे ट्यूनर अॅपसुद्धा ‘ना’चा सूर ओळखते आणि शिकवताना त्याचा आधार घेता येतो.

तबला लावणे अवघड जाते ते दुसऱ्याच कारणाने. सोळा घरांवर फिरून प्रत्येक ठिकाणचा सूर एकसारखा आहे का, हे ऐकणारा कान तयार व्हावा लागतो, आणि हातोडी गजऱ्यावर किती जोराने मारायची याचा अंदाज हाताला यावा लागतो. वर्गात हे काम शिक्षक करून देतात. मुले वर्षानुवर्षे लावलेल्या तबल्यावर वाजवतात आणि मध्यमा परीक्षेपर्यंत पोहोचूनही हातोडीला घाबरतात. परगावच्या शिष्याला ही चैन नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुडी ओल धरून उतरते, परदेशातल्या हिटर लावलेल्या कोरड्या घरात ताणून चढते, आणि दुरुस्तीला शेजारी कोणी नसते. त्याला हे पहिल्या वर्षीच शिकावे लागते. पुडी फाटली तर मात्र ऑनलाइन काहीही उपाय नाही. जास्तीची पुडी चढवलेला एखादा तबला भारतातून येतानाच नेणे शहाणपणाचे.

“यूट्यूबवर सगळे आहे, शिक्षक हवाच कशाला?”

यूट्यूबवर खरोखर पुष्कळ आहे. ज्या वादनासाठी एकेकाळी रात्र जागवावी लागे ते आज चहा पिताना ऐकता येते. या समजाला एकलव्याचा दाखलाही हाताशी असतो. पण मुद्रण फक्त एका दिशेने बोलते. ‘तिट’ वाजवताना बोट कडक होते आहे, हे ते कधीही सांगणार नाही. तबल्यात चुकीचा निकास कमी वेगात चालून जातो आणि दोष उघडा पडतो तो दुगुन-चौगुन करताना, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी, सवय हाडीमासी खिळल्यावर. ती मोडायला शिकण्याहून जास्त काळ लागतो. पंडित भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि गाण्याच्या ओढीने घर सोडले. तबकडी हाताशी असतानाही ते गुरू शोधत ग्वाल्हेर-जालंधरपर्यंत भटकले आणि सवाई गंधर्वांपाशी स्थिरावले. ऑनलाइन शिकवणी आणि ऑनलाइन व्हिडिओ यांना एकाच टोपलीत टाकण्याने दोन्हींबद्दलचे गैरसमज वाढतात. पहिल्यात कोणीतरी ऐकणारे असते.

“ऑनलाइन म्हणजे घरबसल्या काम; फी निम्मी हवी.”

वर्गाचे भाडे वाचते, प्रवास वाचतो, म्हणून हे पालकांना न्याय्य वाटते. पण वर्गात आठ-दहा जण एका तासात बसतात, इथे एक. शिवाय आठवडाभरात शिष्य मुद्रणे पाठवतात, ती ऐकून उत्तर देण्याचा वेळ कोणत्याही तासात धरलेला नसतो. सकाळी साडेसहाला भारतात बसलेल्या शिक्षकासमोर न्यू जर्सीतला मुलगा उन्हाळ्यात रात्री नऊला बसतो, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की आठला. मार्चमध्ये पुन्हा बदल. दरवर्षी या दोन आठवड्यांत निम्मे शिष्य तासभर आधी किंवा नंतर उगवतात. फी किती घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ‘कष्ट कमी’ हे कारण त्यात बसत नाही.

“लहान मुलांना ऑनलाइन जमणारच नाही.”

एकट्याने जमत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर एक तास बसवणे हा त्याच्यावर आणि शिक्षकावर अन्याय आहे. शेजारी आई, बाबा किंवा आजोबा बसले, फोनचा कोन सांभाळला, मुलाचा हात गुरूने सांगितल्याप्रमाणे धरून ठेवला आणि तास वीस-पंचवीस मिनिटांचाच ठेवला, तर ठेक्यापर्यंत मजल जाते. घरातले कोणी तेवढा वेळ देऊ शकत नसेल तर जवळचा साधा वर्ग बरा.

“ऑनलाइन शिकलेला साथीला बसू शकत नाही.”

सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार, कारण तो वर सांगितलेल्या विलंबातूनच निघतो. एकत्र वाजवता येत नाही ही या माध्यमाची खरी मर्यादा आहे, आणि साथ म्हणजे एकत्र वाजवणेच. वर्षानुवर्षे अॅपच्या लेहऱ्यावर वाजवणाऱ्या मुलाची लय घट्ट होते, पण एका अर्थाने जास्तच घट्ट. अॅप दमत नाही, भावनेच्या भरात पुढे पळत नाही, अंतरा उचलताना अडखळत नाही. गायक हे सगळे करतो. त्याच्यासोबत ठेका किंचित सैल सोडून पुन्हा आवळायचा, त्याच्या मुखड्याची चाहूल आधीच घ्यायची, हे फक्त खोलीत दुसरा माणूस असतानाच शिकता येते. एकल वादनाच्या तयारीला हा अभाव फारसा नडत नाही. साथीला नडतो.

चूक होते ती निष्कर्षात. ही उणीव पुण्यातल्या वर्गात जाणाऱ्या कित्येक मुलांमध्येही तेवढीच असते, कारण तिथेही आठ तबलजी असतात आणि गायक एकही नसतो. साथ शिकवणाऱ्या माणसाला शिक्षकच असावे लागते असे नाही. गावातल्या भजनी मंडळात आठ मात्रांचा भजनी ठेका तासभर धरून बसलेल्या मुलाला, बुवा लय चढवतात तेव्हा काय करायचे, ते आपोआप कळते. शेजारची पेटी शिकणारी मुलगी, गाण्याच्या वर्गातला मित्र, परदेशात महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातली आरती आणि भावगीतांची हौशी बैठक, सगळे चालते. चांगला ऑनलाइन शिक्षक शिष्याला हे गृहपाठ म्हणून देतो आणि त्या बैठकीचे मुद्रण मागवून घेतो. त्यात ठेका कुठे जड झाला, गायक श्वास घेत असताना तबल्याने जागा कशी अडवली, हे मिनिट-सेकंदासह दाखवता येते. दरसाल सुट्टीत भारतात येणाऱ्यांनी ते आठवडे नव्या बंदिशी गोळा करण्यात न घालवता गुरूसमोर, गाणाऱ्याबरोबर बसून वाजवण्यात घालवावेत. बंदिशी पडद्यावरून वर्षभर मिळणारच आहेत.